रूपाच्या झोपेचं माप

माझ्या मुलीला झोपेचा आजार आहे. झोप न येण्याचा नाही. नको तेव्हा, नको तिथे येण्याचा. हे वाक्य आज मी एका दमात लिहू शकते, पण इथवर पोचायला आम्हाला दीड वर्ष लागलं. तेवढ्या काळात तिला आळशी, अशक्त, फिट येणारी आणि अंगात येणारी असं सगळं म्हणून झालं. तुमच्या घरात असं एखादं पोर असेल तर तुमचा थोडा वेळ वाचावा म्हणून लिहिते आहे. गोळ्यांची नावं विचारू नका, ती डॉक्टरांनी सांगायची असतात.

आम्ही मूळचे साताऱ्याकडचे, राहायला जुईनगरला, सिडकोच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर. मी तुर्भ्याला रंगांच्या एका कंपनीत लॅब असिस्टंट आहे. रूपाचे पप्पा कांदा-बटाटा मार्केटात तोलणार आहेत. म्हणजे पोती काट्यावर चढली की वजन वाचून सांगणारा माणूस. रूपा एकुलती एक.

नववी

नववीच्या जूनपासून ती झोपायला लागली. भाजी निवडताना झोपायची. गाडीच्या तिकिटाच्या रांगेत उभ्या उभ्या झोपायची. वर्गात तर रोजच. तिच्या वह्या मी जपून ठेवल्या आहेत. वाक्य सुरू होतं 'दख्खनच्या पठारावर', पुढची दोन अक्षरं वाकडी होतात आणि मग नुसती एक रेघ पानाखाली घसरत जाते. बाईंनी त्या रेघेला लाल गोल केलेला आहे.

आम्ही सगळे उपाय केले. लोहाचं टॉनिक, जंताचं औषध, डोळे तपासणं, टीव्ही बंद. शेजारच्या कदमकाकू म्हणायच्या, "वयात आलेल्या पोरी झोपतातच हो ताई. आमी काय कमी झोपलो?" रूपाचे पप्पा म्हणायचे, "कामाला लाव, जाग येईल." मी तिला रात्री साडेनऊला झोपवायला लागले. आठ तास, साडेआठ तास पुरे झोपायची, आणि सकाळी दहाला वर्गात पुन्हा डुलक्या.

दहावीच्या सुरुवातीला ती शाळेच्या जिन्यात पडली. दोन पायऱ्यांवरून, फार लागलं नाही. पण मुलींनी सांगितलं की पाय एकदम गेले, डोळे अर्धे मिटले. आम्ही ज्या डॉक्टरांकडे नेलं त्यांनी सांगितलं, फिट. दोन वेळच्या गोळ्या सुरू झाल्या आणि ती आणखीच झोपायला लागली.

मुख्याध्यापकांनी बोलावून घेतलं. "यंदा ड्रॉप घ्या," म्हणाले. "पेपरात झोपली तर वर्ष जाणारच आहे. त्यापेक्षा फॉर्मच भरू नका."

रूपाच्या पप्पांना लगेच पटलं. "गावाला पाठवू. तिथं दुपारी झोपली तर कोण बघतंय?"

"आणि पुढं?" मी विचारलं.

"पुढचं पुढं."

त्या दिवशी रूपा प्रथमच बोलली. भांडी विसळत होती, मागे न वळता म्हणाली, "आई, एकदा मागे राहिले ना, तर मी मागेच राहीन."

मी ठरवलं, मार्चला ही परीक्षेला बसणार. कशी बसणार ते माहीत नव्हतं. हातात काही नसताना ठरवण्याची ही माझी पहिली वेळ.

हादगा

नवरात्रात आमच्या इमारतीतल्या सातारा-सांगलीकडच्या बायका गच्चीवर हादगा घालतात. पाटावर हत्ती काढायचा, मुलींनी भोवती फेर धरायचा आणि शेवटी डब्यातली खिरापत ओळखायची. ओळखल्याशिवाय डबा उघडत नाहीत. रूपा मोठी झाली होती, पण कदमकाकूंनी ओढून नेलं.

मी तेव्हा घरी पाणी भरत होते. पुढचं मला मागून कळलं ते असं. डबा कदमकाकूंचा होता. मुलींचं लाडू, करंजी, वडी, चिवडा सगळं सांगून झालं. काकू नाही नाही म्हणत होत्या. तेवढ्यात तळमजल्यावरची छोटी पिंकी म्हणाली, "काकू, कालचा भात!" कदमकाकू शिळं वाया घालवत नाहीत हे सगळ्या इमारतीला माहीत. अख्खी गच्ची हसली. रूपाही हसली, आणि कणकेचा गोळा परातीत टाकावा तशी खाली बसली. मग आडवी झाली. जबडा सैल, डोळे अर्धे मिटलेले, मान डुगडुगत होती.

आरडाओरडा ऐकून मी वर धावले तेव्हा रूपाचं कपाळ कुंकवाने भरलं होतं, पोटावर नारळ होता, एक बाई उदबत्ती ओवाळत होती आणि कदमकाकू पदर पसरून बसल्या होत्या. "आईसाहेब, आमच्या संजूला नोकरी लागंल का?"

रूपाची मान खाली-वर झाली.

"होय म्हनली! बघा, होय म्हनली!"

"काकू, उठा," मी म्हटलं. "तिला वारा येऊ द्या."

"ताई, असं बोलू नका, देवी हाय."

"रूपा आहे ती. उद्या तिचा भूगोलाचा पेपर आहे."

दोन-तीन मिनिटांत ती आपणहून उठून बसली. मी हाताला धरून खाली आणलं. बायका पाया पडायला मागोमाग आल्या, त्यांच्या तोंडावर दार लावलं. नंतर आठवडाभर जिन्यात माझ्याशी कुणी बोललं नाही.

घरात रूपा तोंड धुऊन आली आणि म्हणाली, "आई, मी काही बेशुद्ध नव्हते. मला सगळं ऐकू येत होतं."

"सगळं?"

"संजूदादाच्या नोकरीचंसुद्धा."

"मग मान कशाला हलवलीस?"

"मी नाही हलवली. ती आपोआप पडत होती. मला सांगायचं होतं की नारळ टोचतोय, पण तोंडच हलत नव्हतं."

तिचे पप्पा जेवत होते. घास हातात धरून त्यांनी विचारलं, "आणि शाळेच्या जिन्यात?"

"तेव्हा पण ऐकू येत होतं. वर्गातल्या वैशालीने सरांची नक्कल केली, मी हसले आणि पाय गेले. हसले की होतं, पप्पा. खूप हसले की. म्हणून मी हसत नाही."

वर्षभर आम्ही समजत होतो की वयामुळे पोरगी तुसडी झाली आहे. 'तोंड पाडून बसू नकोस' हे मी तिला आठवड्यातून तीनदा तरी म्हणत असेन. असो. ते उगाळण्यात अर्थ नाही. त्या दिवशी माझ्या डोक्यात एकच गोष्ट पेटली: हिला सगळं ऐकू येत होतं. फिट आलेल्या माणसाला ऐकू येतं का?

एका महिन्यात कदमकाकूंच्या संजूला खरंच नोकरी लागली. त्या पेढे घेऊन आल्या आणि रूपाच्या पाया पडल्या. त्यापुढे त्यांना समजावण्याचा प्रयत्न मी सोडून दिला.

वही

मी वाशीला मेंदूच्या एका डॉक्टरांकडे गेले. बाई होत्या, माझ्याच वयाच्या. खुर्चीत बसायच्या आधीच मी विचारलं, "मॅडम, फिट आलेल्या माणसाला ऐकू येतं का?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. "पहिल्यापासून सांगा. आणि तुम्ही नाही, ती सांगेल."

रूपाने सांगितलं. मॅडम मध्ये मध्ये दोनच शब्द विचारत होत्या: कधी, किती. माझ्या आवडीचे प्रश्न. शेवटी म्हणाल्या, "मला वाटतं ही फिट नाही. पण वाटून चालत नाही, मोजायला लागेल. दोन आठवडे झोपेची वही ठेवा. कधी झोपली, कधी उठली, दिवसात किती डुलक्या, आणि रोज सकाळी झोपेला दहापैकी मार्क." आधीच्या गोळ्या त्यांनी दर आठवड्याला थोड्या थोड्या करत बंद केल्या. तुम्हीही कुठली गोळी मनाने एकदम बंद करू नका.

वहीचं नाव काढताच मला इतका उत्साह आला की येताना मी दोनशे पानी वही आणि पट्टी घेतली. कंपनीत मी रोज हेच करते. तांबड्या शाईने रकाने आखले. पहाटे उठून नोंद केली, शाळेतून आल्यावर विचारून नोंद केली. दोन आठवड्यांत एक खाडाखोड नाही.

मॅडमनी वही पाहिली. "रात्री साडेनऊ ते सहा. सलग. मार्क आठ. दुसऱ्या दिवशी पुन्हा आठ. पुन्हा आठ." मग माझ्याकडे पाहिलं. "मार्क कोणी दिले?"

"मी."

"झोप कुणाची?"

लॅबमध्ये आम्ही नमुन्याला विचारत नाही की बाबा तुझा रंग कसा आहे. बाटली उजेडात धरतो आणि आपणच लिहितो. मी रूपाला बाटलीसारखं उजेडात धरलं होतं.

"आता वही तिच्या हातात," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही वाचायची नाही. दोन आठवड्यांनी मी वाचेन."

मी वाचली. खोटं का बोलू? एक दिवस डब्याच्या पिशवीतून कंपनीत नेली आणि कँटीनमध्ये उघडली. मी जिथे 'सलग' लिहिलं होतं तिथे तिचं होतं: 'सात वेळा जाग आली. एकदा दारात कोणीतरी उभं दिसलं, ओरडायचं होतं पण हलता येईना. मार्क दोन.' दुसऱ्या दिवशी: 'शाळेत तिसऱ्या तासाला वीस मिनिटं झोपले, बाईंनी उठवलं नाही. नंतर एकदम छान. मार्क नऊ.' पुढे कंसात: 'हे छान अकरा वाजता संपलं.'

मोजायचं होतं ते हे. मी तास मोजत होते, आणि तासांत काहीच कमी नव्हतं. झोप लांबीला पुरेशी होती, पण तिचे तुकडे तुकडे होते.

त्या रात्री मी वाचल्याचं कबूल केलं. रूपाने कपाळाला आठ्या घातल्या. मी विचारलं, "दारात माणूस दिसतो हे आधी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर कदमकाकूंनी लिंबू उतरवलं असतं. आणि तू मला साडेआठला झोपवलं असतंस."

दोन्ही खरं होतं.

तेल

डिसेंबरात मुंबईच्या एका मोठ्या हॉस्पिटलात तारीख मिळाली. तिथे झोप मोजायचं मशीन होतं. रात्रभर एक रेकॉर्डिंग आणि मग दिवसभर, दर दोन तासांनी एक, अशा पाच डुलक्या मोजायच्या.

पोरगी दवाखान्यात जाणार म्हणून मी आदल्या दिवशी तिच्या डोक्यावर वाटीभर खोबरेल तेल थापलं आणि दोन घट्ट वेण्या घातल्या. साताऱ्याकडची कुठलीही आई हेच करेल. चार लोकांत जाणाऱ्या मुलीचे केस कोरडे दिसले तर आईची लाज जाते.

मशीनवर नाईकबाई म्हणून तंत्रज्ञ होत्या, पन्नाशीच्या, मालवणकडच्या. रूपाच्या डोक्याला हात लावून त्यांनी हात आपल्या नाकापाशी नेला. "ह्या डोक्यावर मी वायरी चिकटवू की पापड तळू?"

डोक्याच्या कातडीला वायर चिकटवायला ती कोरडी लागते, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. रूपाच्या पप्पांना शांपूच्या पुड्या आणायला पिटाळलं. त्यांनी डझनभर आणल्या. हॉस्पिटलच्या मोरीत मी तिचं डोकं तीन वेळा धुतलं आणि नाईकबाई दारात उभ्या राहून म्हणत होत्या, "अजून. अजून. कडई काय एका पाण्यानं निघते?" शेवटी वायरी चिकटल्या. डोक्याला, डोळ्यांच्या कडेला, हनुवटीला. रूपाने आरशात पाहिलं आणि ओठ घट्ट मिटले. हसू येत होतं तिला.

तुमच्या मुलांना नेणार असाल तर तेल लावू नका. या लेखातलं एवढं एक वाक्य लक्षात राहिलं तरी पुरे.

रात्रीबद्दल सांगण्यासारखं काही नाही. सकाळी नाईकबाई म्हणाल्या, "पोरगी नऊ वेळा उठली. या मजल्यावर गाढ झोपलेलं एकच माणूस, तुम्ही. घोरणं भिंतीपलीकडून ऐकू येत होतं."

पाच डुलक्या

नऊ, अकरा, एक, तीन, पाच. प्रत्येक वेळी रूपाने अंधाऱ्या खोलीत आडवं व्हायचं, नाईकबाई "झोप" म्हणायच्या आणि घड्याळ लावायच्या. शेजारच्या खोलीत लांब कागदाची घडी उलगडत जायची आणि त्यावर सुया रेघा ओढायच्या. मॅडमनी सांगितलं होतं, दिवसा साध्या माणसाला डोळा लागायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, काहींना लागतच नाही. आणि स्वप्नांची झोप तर बरीच उशिरा येते.

नऊ वाजता नाईकबाई "झोप" म्हणाल्या. मी माझ्या घड्याळाकडे पाहत होते. तीन मिनिटं झाली आणि सुयांची चाल बदलली.

"झोपली," नाईकबाई म्हणाल्या. "आता डोळ्यांच्या रेघा बघा."

दोन्ही डोळ्यांच्या सुया एकदम नाचायला लागल्या. मोठ्या मोठ्या उड्या. "बघा बघा! आली लगेच! स्वप्नात गेली पोर!"

मला इतका आनंद झाला की मी टाळी वाजवली. नाईकबाईंनी तोंडावर बोट ठेवलं, पण त्याही हसत होत्या.

अवघड काम होतं ते मधल्या दोन तासांचं. तेव्हा तिला झोपू द्यायचं नाही. मी तिला व्हरांड्यात फिरवलं, तोंडावर पाणी मारलं, कविता म्हणायला लावल्या. ती चालता चालता झुकायची. मग तिच्या पप्पांनी ताबा घेतला. "पन्नास किलोची अठरा पोती. किती?"

"नऊशे."

"त्यात सहा पोती सव्वाअठ्ठेचाळीसची निघाली. आता किती?"

"पप्पा, प्लीज."

"किती?"

"...आठशे साडेएकोणनव्वद."

"बरोबर. चल, पुढचा ट्रक." असं करत त्यांनी तिला अकरापर्यंत ओढत नेलं. वर्षभर जो माणूस तिला आळशी म्हणत होता, तो घामाघूम होऊन तिला जागं ठेवत होता आणि तिचे डोळे कसे आपोआप मिटतात ते दोन फुटांवरून पाहत होता.

अकराला चार मिनिटं. एकला अडीच. प्रत्येक वेळी सुया नाचल्या. तीनची डुलकी सुरू झाली तेव्हा मी हात जोडून उभी होते की बाई, लवकर झोप. ज्या झोपेसाठी पोरीला शिव्या घातल्या तीच झोप येऊ दे म्हणून! नाईकबाई म्हणाल्या, "टेन्शन घेऊ नका हो, ही काय नापास होत नाही." आणि झालं तसंच. पाचला तर तिने डोकं उशीवर टेकवलं आणि दोन मिनिटांत गेली. नाईकबाईंनी कागदावर पेन्सिलीने तारीख घातली आणि म्हणाल्या, "पाचापैकी पाच."

नाव

निदानाच्या दिवशी बाया रडतात असं मी वाचलं होतं. मी रडले नाही. मॅडमनी तो लांब कागद टेबलावर उलगडला, टेबल संपलं तेव्हा रूपाच्या पप्पांनी उरलेला हातावर धरला. "याला नार्कोलेप्सी म्हणतात," मॅडम म्हणाल्या. "मेंदूत जागं राहण्याचं आणि झोपण्याचं बटण सैल असतं. हसल्यावर पाय जातात ते त्यातच येतं. आळस कागदावर असा दिसत नाही."

रूपाच्या पप्पांनी रेघांवरून अंगठा फिरवला. "पाच वेळा काट्यावर चढवली आणि पाचही वेळा तेच वजन." मग मॅडमना म्हणाले, "म्हणजे काटा मारलेला नाही."

"नाही."

ते रूपाकडे वळले. माफीबिफी मागणारा माणूस नाही तो. म्हणाले, "डोसा खाणार का?"

मॅडमनी स्पष्ट सांगितलं की हा आजार जन्मभर राहतो. गोळ्यांनी आटोक्यात राहतो, जात नाही. ते ऐकून वाईट वाटलं हे खरं, पण नाव मिळाल्याचा आनंद त्याहून मोठा होता. मी विचारलं, "मार्चला पेपर देईल?"

"देईल. पण झोपून. भूक लागायच्या आधी जेवतो ना, तशी झोप यायच्या आधी झोपायचं. वीस मिनिटं. ठरलेल्या वेळी."

आम्ही उडप्याकडे तीन मसाला डोसे खाल्ले, रूपाने आणखी एक मागवला. मार्केटात तिचे पप्पा आठवडाभर सांगत फिरत होते, "माझ्या पोरीचा कागद बघायला चार डॉक्टर जमले होते." लोकांना वाटलं असेल पोरगी बोर्डात आली.

मॅडमचं पत्र घेऊन मी शाळेत गेले. मुख्याध्यापकांनी ते दोनदा वाचलं, फॉर्म भरून घेतला, पत्राची एक प्रत परीक्षा केंद्रासाठी त्याला जोडली आणि मधल्या सुट्टीत खेळाच्या सामानाच्या खोलीत झोपायची परवानगी दिली. एक शिक्षिका म्हणाल्या, "मग आम्ही पण झोपतो की." रूपा म्हणाली, "बाई, तुम्ही आधी डोकं धुवून या." काय म्हणायचंय ते त्यांना कळलं नाही, पण चार मुली हसल्या. रूपानेही भिंतीला टेकून, गुडघे सांभाळत, थोडं हसून घेतलं.

हिराबाईंची खाट

वही आता रूपाची होती, मला फक्त विचारायची परवानगी होती. फेब्रुवारीत मी विचारलं, "वीस मिनिटांच्या झोपेनंतर किती वेळ टिकतेस?"

"गोळी घेऊन? सव्वादोन तास. कधी अडीच."

पेपर तीन तासांचा. म्हणजे अर्धा-पाऊण तास उघडा पडत होता. तो आणखी वाढू न देण्याचा एकच मार्ग, झोप घंटेच्या जितकी जवळ नेता येईल तितकी न्यायची. घरून झोपून निघाली तर निम्मा वेळ रिक्षातच जाणार. केंद्र आलं होतं बेलापूरला, गावठाणाजवळच्या शाळेत. एका रविवारी मी तिथे गेले आणि शाळेच्या फाटकापासून घरं मोजत दारं वाजवायला सुरुवात केली.

दोन ठिकाणी मला वेड्यात काढलं. तिसरं घर तीनमजली नवं, खाली भाडेकरू, ओटीवर लुगडं नेसलेली म्हातारी लसूण सोलत होती. हिराबाई. जमीन सिडकोत गेली, त्यावर मुलांनी हे घर बांधलं होतं.

मी म्हटलं, "आजी, माझ्या मुलीची परीक्षा आहे समोर. रोज सकाळी वीस मिनिटं तिला झोपायला जागा मिळेल का?"

"झोपाला?" त्यांनी सुरी थांबवली. "परीक्षेला आलंय का झोपाला?"

मी सगळं सांगितलं. गोळ्या, मशीन, पाच डुलक्या. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. "मंजे तिला नीज येते, तिचा काय दोस नाय."

"नाही."

"आमचा म्हातारा मिठागरात उभा उभा निजायचा. लोका हसायची. त्याला कोन डाक्टरकडं नेनार?" मग आत बोट दाखवलं. "ती खाट हाय, पंखा हाय. पोरीला आन. पन उठवाचा काम तुजा, मना घड्याल कलत नाय."

प्रत्येक पेपरला दहा वाजून वीस मिनिटांनी रूपा त्या खाटेवर आडवी व्हायची. हिराबाई ओटीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला दटावायच्या, "गलबला करू नको, पोरगी अभ्यास करते!" दहा चाळीसला मी उठवायची. तोंड धुवायचं, गोळी, आणि अकराला घंटा.

बीजगणित

निकाल सांगून टाकते, म्हणजे तुमचा जीव टांगणीला नको: पास झाली. चांगली पास झाली. बीजगणितात कमी पडले, त्याचीच आता गोष्ट.

त्या दिवशी हिराबाईंकडे पाहुणे आले होते, गलका होता, आणि रूपाला नीट झोप लागली नाही. ती गेली आणि मी दोन तास फाटकाबाहेर उभी होते. एक वाजला तशी मी फाटकाच्या गजांना धरून आत डोकावले. आत काय चाललंय ते मला मोजता येत नव्हतं. हातात घड्याळ होतं आणि त्याचा काही उपयोग नव्हता.

ती बाहेर आली तेव्हा तिच्या गालावर बाकाच्या कडेचा वळ होता. मला काय ते कळलं.

"झोपलीस?"

"हो. दीड वाजायच्या आधी डोकं खाली गेलं. सर धावत आले. ते ओरडले, 'फिट आली, चप्पल आणा, कांदा आणा!'"

"मग?"

"मला ऐकू येत होतं. या वेळी तोंड हलत होतं. मी म्हटलं, सर, फिट नाही, नार्कोलेप्सी आहे, तुमच्या फाईलला पत्र लावलंय. मला झोप आली आहे. कांदा नको. दहा मिनिटांनी उठवा."

"असं म्हणालीस? सगळ्या वर्गासमोर?"

"हो. आणि झोपले."

दहा मिनिटांत एक गणित गेलं असणार, मोठं असेल तर. तेवढ्यापुरतं मी विचारलं, "उठवलं का त्यांनी दहा मिनिटांनी?"

"बारा," रूपा म्हणाली. तिचे डोळे चमकत होते, रागाने. "मी घड्याळ बघून झोपले होते. उठल्यावर मी त्यांना सांगितलं, सर, तुमची दोन मिनिटं जास्त झाली, ती मला शेवटी वाढवून द्या."

"दिली?"

"नाही दिली! मी मॅडमना सांगणार आहे. पुढच्या पेपरला पत्रात लिहून घेऊ."